चौपन्न इंची

माझ्या नजरेत टेप आहे! ही बढाई नाही, बावीस वर्षांचा धंदा आहे. माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला, की त्याची छाती, कंबर आणि बाहीची लांबी मला आपोआप दिसायला लागते. लोक चेहरे लक्षात ठेवतात, मी गळे लक्षात ठेवतो. "परवा रस्त्यात भेटले ते कोण हो?" असं बायकोनं विचारलं, की मी सांगतो, "साडेपंधरा गळा, डावा खांदा अर्धा इंच उतरता." तिला नाव हवं असतं. पण नावावरून सदरा शिवता येतो का?

आणि मी नुसता मापात पक्का नाही, नियमातही पक्का आहे. दुकानाच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आहे. पहिली ओळ : 'कापड भिजवून आणावे. न भिजवता माप घेतल्यास पुढे आखडण्याची जबाबदारी आमची नाही.' दुसरी ओळ : 'एकदा कात्री लागल्यावर बदल होणार नाही.' या दोन ओळींवर माझा अख्खा धंदा उभा आहे. पाटीखाली वीतभर जागा मोकळी राहिली होती, पण तिसरा नियम सुचण्याइतकी चूक माझ्या हातून कधी झालीच नव्हती!

तर अशा माणसावर दोन गाईंमधून एक निवडायची वेळ आली, तेव्हा तो घाबरेल का? मी तर शीळ घातली!

झालं असं, की माझ्या सासऱ्यांचा गुडघा गेला. म्हणजे होता जागेवरच, पण वाकेना. गुडघा वाकल्याशिवाय गाईखाली बसता येत नाही आणि गाईखाली बसल्याशिवाय धार निघत नाही. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. वर्षातून एकदा माझ्या दुकानात येतात, बाकावर बसतात, समोरची पाटी वरपासून खालपर्यंत वाचतात आणि "बरं" म्हणून उठतात. पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलींना आणि दोन्ही जावयांना अंगणात बोलावलं आणि तोंड उघडलं.

"दोन गाई, दोन मुली. थोरल्या जावयानं आधी निवडावी. रविवारी. निवडली की निवडली."

थोरला जावई म्हणजे मी. धाकटा म्हणजे माझा साडू. तो बस चालवतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे बसच्या काचेतून बघतो. तो लगेच म्हणाला, "दादा, निवडा तुम्ही. मागे राहील ती आमची गाडी!"

गाई कशा होत्या तेही सांगून टाकतो. एकीचं नाव ढोली. अंगानं भरलेली, चालीनं डुलणारी, स्वभावानं इतकी शांत, की अंगावर माशी बसली तर शेपटी हलवायच्या आधी विचार करणार. आणि कास! काय सांगू! मागच्या दोन पायांत मावत नव्हती. दुसरी सुतळी. नावासारखीच. उंच, हाडकुळी, बरगड्या मोजून घ्या अशी, आणि कास बेताची. दोघी एकाच महिन्यात व्यायलेल्या, त्यामुळे तुलना करायला अगदी सोयीच्या.

घरी परतताना बायको म्हणाली, "अहो, एक सांगू? सुतळी आणा."

"का?"

"दूध जास्त देते."

"अगं, माया वेगळी आणि माप वेगळं!"

कारण या सुतळीची आई तिला तीन दिवसांची टाकून मेली होती. पाच वर्षं झाली त्याला. माझी बायको तेव्हा तीन महिने दिवसातून तीनदा माहेरी जाऊन बाटलीनं त्या वासराला दूध पाजायची. मी तीन महिने गार चहा प्यायलो, म्हणून माझ्या चांगलं लक्षात आहे.

"मी जाते तेव्हा तिची धार मीच काढते," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना."

"तू प्रेमानं बघतेस. प्रेमानं बघितलं, की छत्तीसची कंबर तीस दिसते. माझी गिऱ्हाइकं आरशात रोज तेच करतात. तू काळजी करू नकोस. जी जास्त दूध देईल तीच तुझ्या दारात बांधीन. हा माझा शब्द!"

तिला जास्त दूध नको होतं, तिला सुतळी हवी होती. हे तिनं दोन शब्दांत सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला इंच कळतात, बाकीचं जरा उशिरा कळतं.

आमचे शाळेतले मास्तर नेहमी म्हणायचे, "बाळांनो, शास्त्राची कास धरा!" मी म्हटलं, वा! इथे शास्त्र आहे, कासही आहे, दोन्ही एकदमच धरू! माझं शास्त्र सरळ होतं. खिसा मोठा तर माल जास्त. बत्तीस इंची पिशवीत जे मावतं त्याच्या दीडपट अठ्ठेचाळीस इंचीत मावतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

गुरुवारी संध्याकाळी टेप, खडू आणि दुकानातली मापाची वही घेऊन मी बायकोबरोबर मामांच्या गोठ्यात हजर झालो. धारेची वेळ व्हायची होती. मामा उलट्या घातलेल्या बादलीवर गुडघा लांब करून बसले होते.

"धार झाल्यावर बघा," मामा म्हणाले.

"मामा, भरल्या पोत्याचं माप घ्यायचं सोडून रिकाम्याचं घेऊ?"

"बघा बुवा," मामा म्हणाले आणि त्यांचा त्या दिवसाचा कोटा संपला.

ढोलीचं माप म्हणजे आनंद होता! मी टेप फिरवली तर ती रवंथ करत उभी. जणू लग्नाचा पोशाख शिवायला आली आहे. घेर चौपन्न इंच! मी दोनदा घेतला. चौपन्नच! उलट सुतळीनं टेप बघितली आणि शेपटीची एक सणसणीत माझ्या कानाखाली दिली. दुसऱ्यांदा टेप नेली तर ती पायाखाली घेतली. शेवटी बायकोनं तिची मान खाजवली, कानात काहीतरी पुटपुटली, तेव्हा कुठे माप मिळालं. एक्केचाळीस.

"चौपन्न आणि एक्केचाळीस!" मी म्हणालो. "तेरा इंचांचा फरक! बोल आता!"

बायको सुतळीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

मी वही उघडली आणि पहिली रिकामी जागा दिसली तिथे सविस्तर नोंद केली. नोंद अशी : 'ढोली. घेर चौपन्न. मागून भरदार. पुढून किंचित लोंबतं. चाल डुलत. स्वभाव शांत, लाथ मारत नाही.' बावीस वर्षांत इतकी सुबक नोंद मी केली नव्हती. चूक फक्त जागेत झाली. त्या पानाच्या माथ्यावर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं : 'हेडबाईंचा कोट. शुक्रवारी माप.' आणि खाली जागा मोकळी सोडली होती.

हेडबाई म्हणजे समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गणित शिकवतात. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. त्या शाळेचे सगळे गणवेश माझ्याकडे शिवायला येतात, ते बाईंच्या एका शब्दावर. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा मी मागच्या खोलीत इस्त्रीला निखारे घालत होतो. "बसा बाई, आलोच!" मी आतून ओरडलो. बाई बसल्या. समोर वही होती. वहीत त्यांचं नाव होतं. कुठलाही माणूस आपलं नाव दिसलं तर वाचणारच!

मी बाहेर आलो तेव्हा बाई उभ्या होत्या. बोट वहीवर होतं.

"ही ढोली कोण?"

"गाय आहे, बाई."

बाईंचा चेहरा जांभळा झाला. "गाय?"

"म्हणजे तुम्ही नाही! गाय म्हणजे गायच. चार पायांची."

"मागून भरदार!"

"कास, बाई! ते कासेबद्दल आहे."

"कोणाच्या?"

"गाईच्या! माझ्या सासऱ्यांच्या गाईच्या!"

"माझ्या कोटाच्या पानावर? 'चाल डुलत'! 'स्वभाव शांत'!" बाईंचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं. "'लाथ मारत नाही'! आज मारणार आहे!"

मी इस्त्रीच्या टेबलामागे गेलो. तिथून मी त्यांना गोठा, गुडघा, दोन मुली, दोन जावई, सगळं सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. गणिताच्या शिक्षिकांचं एवढं बरं असतं, की उत्तर चुकलं तरी त्या रीत तपासतात.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला सिद्धता हवी. ढोली नावाची आणि चौपन्न घेराची गाय या जगात आहे, हे मला रविवारी दाखवा. नसली, तर शाळेचे गणवेश चौकातल्या शिंप्याकडे जातील."

"अहो, चौकातल्याची बाही बघितलीत का?"

"रविवारी," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. चाल खरंच थोडी डुलत होती. पण ते मी वहीत लिहिलं नाही!

रविवारी सकाळी मामांच्या गोठ्यात मी, बायको, मेहुणी, साडू आणि छत्री घेतलेल्या हेडबाई. मेहुणीनं मला बाजूला घेतलं. "भाऊजी, या कोण? दलाल का?"

"हळू बोल! त्या ढोलीला भेटायला आल्या आहेत."

मेहुणीनं बाईंकडे बघितलं, ढोलीकडे बघितलं आणि मान डोलावली. तिला काय समजलं ते मी विचारलं नाही.

बाईंनी ढोलीभोवती पूर्ण एक फेरी मारली. मागून बघितलं, पुढून बघितलं. मग माझ्याकडून टेप घेऊन स्वतः घेर घेतला. ढोली रवंथ करत होती.

"चौपन्न," बाई म्हणाल्या. "वर्णनही बरोबर आहे. मला तुमची तक्रार नाही. निष्कर्ष काय काढलात?"

हा प्रश्न विचारायला नको होता! समोर श्रोते, हातात टेप आणि नुकतीच झालेली निर्दोष मुक्तता. मी उलट्या बादलीवर एक पाय ठेवला आणि बोललोच! कासेचं आकारमान, सडांमधलं अंतर, खिसा आणि माल, सगळं सांगितलं. साडू म्हणाला, "म्हणजे टाकी मोठी तर गाडी लांब जाणार!" मी म्हणालो, "शाब्बास! बघा, ड्रायव्हरलासुद्धा कळतं!"

मामांनी घसा खाकरला. सगळे गप्प झाले, कारण मामा एका आठवड्यात तिसऱ्यांदा बोलणार होते.

"धार बघून निवडा," ते म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी बायकोनं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यावरून शहाणा माणूस थांबला असता. पण माझी गाडी उतारावर होती!

"मामा, पोत बघून मी कापडाचं आयुष्य सांगतो. मला धार बघायची गरज नाही. ढोली माझी! कात्री लागली समजा!"

"लागली?" मामांनी विचारलं.

"लागली!"

"मग सुतळी आमची," मेहुणी म्हणाली. साडूनं सुतळीकडे बघून टोपी जरा वर केली. माझी बायको गोठ्याच्या खांबाला टेकली.

"आता काढा धार!" मी म्हणालो. "बाईंनाही कळू दे सिद्धता!"

न वाकणारा गुडघा बाजूला पसरून मामा कसेबसे ढोलीखाली बसले. बादलीत सूं सूं आवाज यायला लागला. मी छाती पुढे काढून उभा होतो. बत्तीसची आहे, त्या दिवशी छत्तीस भरली असती. थोड्या वेळानं सूं सूं थांबलं.

"मामा, दम लागला का?" मी विचारलं.

"संपलं."

"काय संपलं?"

"दूध."

बादलीत साडेतीन लिटर! मी वाकून ढोलीकडे बघितलं. कास होती तशीच! भरदार, डौलदार, तसूभर कमी नाही! म्हणजे माल आतच आहे की! "मामा, अडकलंय काहीतरी! अजून अर्धी पिशवी भरलेली आहे!"

बाईंनी टेप फिरवली. "त्रेपन्न," त्या म्हणाल्या.

मग सुतळीखाली माझी बायको बसली. मेहुणी बादली धरणार होती, पण सुतळीनं तिच्याकडे बघून पाय उचलला, म्हणून ती मागे झाली. बायकोनं सडाला हात लावला आणि आवाजच वेगळा! मघाशी झारीनं पाणी घातल्यासारखं वाटत होतं, आता नळ फुटला! बादलीवर फेस आला. बायकोनं मान वर न करता "दुसरं भांडं," म्हटलं. साडू पळाला. दुसरं भांडं अर्ध्याच्या वर गेलं. साडेआठ लिटर!

आणि सुतळीची कास? ती धुऊन पिळलेल्या रिकाम्या पिशवीसारखी चुण्या पडून लोंबत होती. बाईंनी तिथेही टेप नेली. बायको शेजारी होती म्हणून सुतळी गप्प राहिली.

"सव्वीस," बाई म्हणाल्या. "चौपन्नातून त्रेपन्न गेले, राहिला एक. एक्केचाळिसातून सव्वीस गेले, राहिले पंधरा. तुम्ही वजाबाकी केलीच नाहीत. नुसती वरची संख्या बघितलीत. चौथीतली मुलं हेच करतात."

मामा खांबाला धरून उठले. "ढोलीची कास मांसाची," ते म्हणाले. "सुतळीची दुधाची. धार झाल्यावर जी आखडते, ती खरी."

एवढं सोपं! मी घाम पुसला. मग जरा हसून, जरा मान खाजवून, जावई म्हणून जेवढं लाडात येता येतं तेवढं येऊन म्हणालो, "मामा, मग असं करू या का, आपण ही निवड जरा..."

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुमच्या दुकानात पाटी आहे ना?"

"आहे."

"पहिली ओळ काय आहे?"

मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. समोर हेडबाई होत्याच! "कापड भिजवून आणावे," मी म्हणालो. "न भिजवता माप घेतल्यास... पुढे आखडण्याची... जबाबदारी आमची नाही."

"दुसरी?"

"एकदा कात्री लागल्यावर बदल होणार नाही."

"बरं," मामा म्हणाले.

बावीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो, की आधी भिजवा, आखडू द्या, मग माप घ्या! आणि स्वतः गाईचं माप घेतलं ते कोरं करकरीत!

ढोलीला घेऊन आम्ही घरी निघालो. मी पुढे दावं धरून, ढोली मध्ये डुलत, बायको मागे. अख्ख्या रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. मी दोनदा वळून बघितलं. ती रडत असती तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. ती नुसती चालत होती, आणि ओढणीला सुतळीचे दोन पांढरे केस चिकटले होते ते काढत नव्हती. मला फार वाईट वाटलं. पण चूक कबूल करायची, तर तोंडानं करावी लागते, आणि माझं तोंड त्या दिवशी आधीच खूप वापरून झालं होतं.

आठ दिवस गेले. दुकानाच्या मागच्या पडवीत ढोली सुखात होती. खायची दोघींचं, द्यायची अर्धीचं. गावात बातमी पसरलीच होती. गिऱ्हाइकं कापड देताना विचारायची, "मास्तर, माप धारेच्या आधी घेणार का नंतर?" मी हसायचो. हसण्यावाचून काय करणार?

आणि नवव्या दिवशी साडू दुकानात आला. डोक्याला टोपी, पायाला फडकं, चालणं लंगडं.

"दादा," तो म्हणाला, "ते सुतळीचं जरा..."

मी ओळखलंच! आला जखमेवर मीठ चोळायला! आज नऊ लिटर दिलं, काल साडेनऊ दिलं, हेच सांगणार! मी कात्री खाली ठेवली.

"सुतळीचं नाव काढायचं नाही!"

"पण दादा, ऐका तर. मी काय म्हणतो, आपण जर..."

"ती पाटी दिसते का? दुसरी ओळ वाच! मोठ्यानं!"

त्यानं वाचली. "एकदा कात्री लागल्यावर बदल होणार नाही."

"कळलं?"

"कळलं," साडू म्हणाला. थोडा वेळ तो दारात एका पायावर उभा राहिला, मग लंगडत गेला.

अहाहा! आठ दिवसांत पहिल्यांदा माझी मान ताठ झाली! संध्याकाळी जेवताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तो कसा आला, मी कसा कडाडलो, त्याला पाटी कशी वाचायला लावली.

बायकोचा हात ताटावरच थांबला.

"तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"बदल होणार नाही! ठणकावून!"

"अहो!" नऊ दिवसांनी तिचा आवाज मला पूर्ण ऐकू आला, आणि बहुतेक शेजाऱ्यांनाही! "तो बदल करायलाच आला होता!"

"म्हणजे?"

"सुतळी त्यांना पान्हाच सोडत नाही! दूध चोरून धरते. पहिल्या दिवशी लिटरभर, मग तेही नाही. बादल्या उलथल्या, त्याच्या पायाला लाथ बसली. घरात माणसं दोन, त्यांना ढोलीचं दूध पुरून उरतं. माझं आणि ताईचं सगळं ठरलं होतं!" माझी मेहुणी धाकटी असली तरी लाडात तिला सगळे ताईच म्हणतात. "त्याला फक्त दावं घेऊन कधी येऊ ते विचारायला पाठवलं होतं! आणि तुम्ही..."

सुतळी माझ्या दारापर्यंत आली होती आणि मी तिला पाटी दाखवून परत पाठवली होती!

मी हात धुतला, चपला घातल्या आणि आधी मामांकडे गेलो. म्हटलं, परवानगी नको का घ्यायला? निवडली की निवडली, असं तेच म्हणाले होते. मी उंबऱ्यातच उभा राहून एका दमात सगळं सांगितलं, अगदी पाटी वाचायला लावल्यासकट. मामांनी ऐकलं.

"गाई मी जावयांना दिल्याच नव्हत्या," ते म्हणाले. "मुलींना दिल्या होत्या. जावयांना नुसतं निवडायला सांगितलं. हौस असते."

तिथून साडूच्या घरी गेलो. साडू खुर्चीत बसून गरम पाण्यात पाय शेकत होता.

"चुकलो," मी म्हणालो. आयुष्यात हा शब्द मी इतका तोकडा कधी वापरला नव्हता. एरवी त्याला 'पण' जोडतो.

साडू मोकळ्या मनाचा. तो हसला. "दादा, रिव्हर्स टाकायला लाज कसली? घेऊन जा तुमची सुतळी. मला ती शांतवाली आणा, माझे आई! माझी काही अट नाही."

"माझी आहे," आतून मेहुणीचा आवाज आला. ती हात पुसत बाहेर आली. "भाऊजी, तुमच्या पाटीखाली वीतभर जागा मोकळी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी आमच्या पडवीत आली. तिनं मला ओळखलं, कारण शेपटी बरोबर त्याच कानाखाली बसली. मग माझी बायको आतून आली, आणि सुतळीनं तिच्या खांद्यावर मान टेकली. बायको रडली, हसली, पुन्हा रडली. मी टेप खिशात खोल सरकवली.

हेडबाई कोट न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पाटी वाचली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि खाली ओल्या रंगातली तिसरी : 'येथे गाईंची मापे घेतली जात नाहीत.' अक्षर माझंच, मजकूर मेहुणीचा. जाताना फक्त म्हणाल्या, "लाल शाईनं अधोरेखित करा."

आता रोज सकाळी बायको धार काढायला बसते आणि मला हाक मारते. कापडाच्या बाबतीत माझी नजर अजून पक्की आहे हो, विचारा कोणालाही! गाईच्या बाबतीत मात्र परवा मी सहज विचारलं, "अगं, एकदा मी बसून बघू का?" तर दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. तेव्हा शास्त्राची कास ज्यांना धरायची त्यांनी खुशाल धरावी. मी सध्या बादली धरतो.